ईश्वरश्रद्धा, ग्रंथनिष्ठा आणि बौद्ध परीक्षा
ख्रिस्ती मूलतत्त्ववादाच्या संदर्भात काही विचार

बौद्ध दर्शन निरीश्वरवादी आहे, हे विधान आपल्याकडील दर्शनशास्त्राच्या पाठ्यग्रंथांतून इतक्या वेळा आलेले आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. त्यातच ख्रिस्ती धर्माशी तुलना करण्याचा प्रसंग आला, म्हणजे अभ्यासक एक सोपे समीकरण मांडून मोकळा होतो: ख्रिस्ती धर्म ईश्वर मानतो, बौद्ध धर्म मानीत नाही, सबब दोहोंमध्ये विरोध आहे आणि ख्रिस्ती मूलतत्त्ववादाशी तर तो सर्वांत तीव्र आहे. हे समीकरण सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु त्यात दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झालेली आहे. जगाचा कोणी कर्ता आहे काय, हा एक प्रश्न. अमुक एका ग्रंथातील प्रत्येक विधान निरपवाद सत्य आहे आणि तद्विरुद्ध सर्व काही असत्य आहे, असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास कोठून प्राप्त होतो, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न कारणमीमांसेचा असून दुसरा प्रमाणमीमांसेचा आहे. बौद्ध परंपरेने या दोन्ही प्रश्नांचा स्वतंत्रपणे विचार केलेला आहे आणि तिचे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याहून अधिक मूलगामी आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. ते मूलगामी अशासाठी की, त्याची धार प्रतिपक्षापुरती राहत नाही. ती स्वपक्षावरही उलटते.

१

प्रथम मूलतत्त्ववाद म्हणजे काय, हे निश्चित केले पाहिजे. कारण अलीकडे हा शब्द कोणत्याही धर्मातील कडव्या अनुयायास लावण्याची प्रथा पडली आहे. मूळचा शब्द अमेरिकेतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा आणि तोही त्यांनी स्वतःच स्वीकारलेला आहे. कॅलिफोर्नियातील तेलाचे उद्योगपती लायमन स्ट्युअर्ट व त्यांचे बंधू मिल्टन यांच्या द्रव्यसाहाय्याने १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ या नावाची १२ खंडांची निबंधमाला प्रसिद्ध झाली. तीत ९० निबंध होते आणि ती धर्मोपदेशक, मिशनरी व धर्मशास्त्राचे विद्यार्थी यांना विनामूल्य वाटण्यात आली. १९१० मध्येच अमेरिकेतील प्रेसबिटेरियन पंथाच्या महासभेने पाच सिद्धान्त अनिवार्य म्हणून घोषित केले: पवित्र शास्त्राची अस्खलितता, ख्रिस्ताचा कुमारीजन्म, मानवाच्या पापांबद्दल त्याने केलेले प्रायश्चित्त, त्याचे सदेह पुनरुत्थान आणि त्याच्या चमत्कारांची सत्यता. पुढे १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट संपादकाने या मूलभूत सिद्धान्तांसाठी लढावयास सिद्ध असलेल्यांना ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव दिले.

या पाच सिद्धान्तांत ‘ईश्वर आहे’ हे विधान स्वतंत्रपणे आलेलेच नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते गृहीत होते. वाद त्यासंबंधी नव्हताच. वाद होता तो जर्मनीतून आलेल्या बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेशी आणि डार्विनच्या उत्क्रांतिवादाशी. म्हणजे ईश्वर मानणाऱ्या एका ख्रिस्ती मनुष्याचा ईश्वर मानणाऱ्या दुसऱ्या ख्रिस्ती मनुष्याशी. यास्तव पहिल्या सिद्धान्ताचे, शास्त्राच्या अस्खलिततेचे, महत्त्व सर्वांत अधिक. उरलेल्या चारांचा आधार तोच होता. त्याची शास्त्रशुद्ध मांडणी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्रज्ञ ए. ए. हॉज व बी. बी. वॉरफील्ड यांनी १८८१ मध्ये केली होती. १९७८ मध्ये शिकागो येथे इव्हँजेलिकल विद्वानांनी काढलेल्या निवेदनात तीच भूमिका १९ कलमांत पुन्हा मांडण्यात आली. या भूमिकेप्रमाणे अस्खलितता काटेकोर अर्थाने मूळ हस्तलिखितांस लागू पडते. उपलब्ध प्रती व भाषांतरे त्या मुळाशी जितकी प्रामाणिक, तितकीच ती ईश्वराची वाणी होत. मूळ हस्तलिखिते तर आज कोठेही उपलब्ध नाहीत. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

मूलतत्त्ववाद म्हणजे निव्वळ अक्षरार्थवाद, असे समजणेही बरोबर नाही. जुलै १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल खटला भरण्यात आला. त्यात बायबलची बाजू मांडणाऱ्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी उलटतपासणीत कबूल केले की, सृष्टीच्या निर्मितीचे ‘दिवस’ चोवीस तासांचे असलेच पाहिजेत, असे नाही. अर्थात अर्थ लावण्यास मूलतत्त्ववाद्याची सर्वथैव ना नसते. ग्रंथ चुकला असे म्हणण्यास मात्र असते. ग्रंथाच्या प्रामाण्याची परीक्षा होऊ शकत नाही, हे त्याच्या भूमिकेचे मर्म होय.

२

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे ईश्वराच्या प्रश्नाकडे वळू. पाली निकायांतील विवेचनाचा रोख ‘ईश्वर नाही’ हे सिद्ध करण्याकडे फारसा नाही. तो ईश्वरकर्तृत्व मानल्याने मनुष्याच्या प्रयत्नाचे काय होते, याकडे आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतनसुत्तात तीन मतांची परीक्षा केलेली आहे: सुखदुःख सर्वस्वी पूर्वकर्मामुळे घडते; ते ईश्वरनिर्मित असते; ते कोणत्याही कारणावाचून घडते. तिन्ही मतांवर बुद्धाचा आक्षेप एकच आहे. ही मते खरी असतील, तर मनुष्य हिंसा करतो, चोरी करतो, असत्य बोलतो, तेही पूर्वकर्मामुळे, ईश्वरामुळे किंवा अकारणच. मग हे करावे आणि हे करू नये, या भेदास अर्थ राहत नाही. इच्छा व उद्योग निष्फळ ठरतात. कर्मसिद्धान्ताचा जो अतिरेक प्रयत्नवादाचा घात करतो, तोही येथे ईश्वरवादाच्याच पंक्तीस बसविला आहे, हे लक्षणीय आहे. आक्षेप ईश्वर या व्यक्तीवर नसून नैतिक जबाबदारी नाहीशी करणाऱ्या कोणत्याही कारणवादावर आहे. महाबोधिजातकातील युक्तिवाद या दिशेने एक पाऊल पुढे जातो: प्राणी ईश्वराच्या आज्ञेप्रमाणेच वागत असेल, तर त्याच्या पापाचा लेप ईश्वरासच लागला पाहिजे.

दीघनिकायातील दोन प्रसंग निराळ्या तऱ्हेचे आहेत. त्यांत खंडनापेक्षा सौम्य उपहास अधिक आढळतो. ब्रह्मजालसुत्तात विश्वाच्या पुनर्विकासाच्या वेळी एक सत्त्व प्रथम रिकाम्या ब्रह्मविमानात उत्पन्न होते. त्यास एकाकीपणा जाणवतो आणि सोबत असावी, असे वाटते. इतर सत्त्वे आपापल्या कारणांनी तेथे येऊन पोहोचतात. परंतु पहिल्यास वाटते की, आपण इच्छा केली म्हणूनच ती उत्पन्न झाली, आणि त्यांनाही वाटते की, हा आपल्या आधीपासून असल्यामुळे आपला निर्माता असावा. पौर्वापर्यास कार्यकारणभाव समजण्याची ही चूक दोघांनीही प्रामाणिकपणे केलेली आहे. केवट्टसुत्तात एक भिक्षू चार महाभूतांचा निःशेष निरोध कोठे होतो, हा प्रश्न घेऊन देवलोकामागून देवलोक ओलांडीत महाब्रह्म्यापर्यंत जातो. महाब्रह्मा प्रथम आपल्या सर्वज्ञतेची बिरुदे ऐकवितो. नंतर भिक्षूचा हात धरून त्यास बाजूला नेतो आणि कबूल करतो की, हे आपणासही ठाऊक नाही. इतर देवांच्या देखत तसे सांगता येत नाही, एवढेच. या कथांत देवांचे अस्तित्व नाकारलेले नाही. त्यांचे कर्तृत्व व सर्वज्ञता मात्र नाकारलेली आहे. ‘निरीश्वरवाद’ हा शब्द बौद्ध धर्मास लावताना ही मर्यादा सांभाळली पाहिजे.

तेविज्जसुत्त तर याहूनही सूक्ष्म आहे. ब्रह्मसायुज्याचा मार्ग कोणता, याविषयी वासेट्ठ व भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भांडत बुद्धाकडे येतात. ज्यांनी ब्रह्म्यास पाहिलेले नाही, ते त्याच्याप्रत जाण्याचा मार्ग सांगतात. हे एकमेकांचा हात धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेसारखे आहे, असे बुद्ध सुचवितो. परंतु संवाद तेथे संपत नाही. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांची भावना हाच त्या सायुज्याचा मार्ग, असे तो पुढे सांगतो. प्रतिपक्षाचे ध्येय त्याच्याच शब्दांत स्वीकारावयाचे आणि त्याचा आशय मात्र नैतिक साधनेत रूपांतरित करावयाचा, अशी ही पद्धती आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ईश्वरश्रद्धेची चिकित्सा करताना याच संवादाचा आधार घेतला आहे, हे मराठी अभ्यासकास ठाऊक असतेच.

३

निकायांतील हा नैतिक आक्षेप पुढे न्यायवैशेषिकांशी झालेल्या दीर्घ वादात तार्किक रूप धारण करतो. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या भाष्यात विचारले आहे की, जगाचे एकच कारण असेल, तर सर्व वस्तू एकाच वेळी का उत्पन्न होत नाहीत? त्या क्रमाने उत्पन्न होतात, तेव्हा ईश्वराखेरीज आणखी काही कारणे मानली पाहिजेत. आणि ती मानली म्हणजे ईश्वर हे एकमेव कारण राहत नाही. शिवाय सृष्टी निर्माण करण्यात त्याचे प्रयोजन काय? आपल्या संतोषासाठी तो ती निर्माण करीत असेल, तर संतोषासाठी त्यास दुसऱ्या साधनाची अपेक्षा आहे. अशास ईश्वर कसे म्हणावयाचे?

सातव्या शतकातील धर्मकीर्तीने प्रमाणवार्त्तिकात अनुमानाच्या मुळावरच घाव घातला. घटाची रचना पाहून कुंभाराचे अनुमान होते, त्याचप्रमाणे जगाची रचना पाहून कर्त्याचे अनुमान व्हावे, असे नैयायिक म्हणत. धर्मकीर्तीचे उत्तर असे की, ज्या प्रकारची रचना मनुष्याच्या व्यापारामागून येताना आपण प्रत्यक्ष पाहिली आहे, त्याच प्रकारची रचना कर्त्याचे गमक होऊ शकते. ‘रचना’ हा शब्द समान आहे, एवढ्यावर भागत नाही. नाहीतर मातीचा विकार म्हणून वारूळही कुंभारानेच केले, असे म्हणावे लागेल. तसेच नित्य व अविकारी ईश्वर कार्य होण्यापूर्वी जसा होता, तसाच कार्याच्या वेळीही असेल, तर कारण नसलेल्या अवस्थेहून कारण असलेल्या अवस्थेचा भेद कशाने दाखवावयाचा? आठव्या शतकात शान्तरक्षिताने तत्त्वसंग्रहात ईश्वरपरीक्षेस एक स्वतंत्र प्रकरण दिले. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये १९२६ साली कमलशीलाच्या पंजिकेसह तो ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून हा सर्व वाद आपल्या विद्यापीठांत मूळ संस्कृतातून अभ्यासता येऊ लागला.

येथे विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे युक्तिवाद ज्या ईश्वरास उद्देशून रचले गेले, तो ख्रिस्ती ईश्वर नव्हे. नैयायिकांचा ईश्वर जगाचे केवळ निमित्तकारण आहे. परमाणू नित्य आहेत आणि जीवांचे अदृष्ट त्यास विचारात घ्यावे लागते. ख्रिस्ती ईश्वर शून्यातून सृष्टी निर्माण करतो. सेंट ऑगस्टिनच्या मते सृष्टी काळात निर्माण झाली नसून काळासह निर्माण झाली. ईश्वराचा संकल्प कालातीत आहे, क्रम आहे तो कार्यांमध्ये. वसुबंधूच्या क्रमविषयक आक्षेपास हे एक उत्तर होऊ शकते. तेराव्या शतकातील सेंट टॉमस अक्वाय्नस आदिकारण व गौण कारणे यांचा भेद करून ईश्वरकर्तृत्वाबरोबर सृष्ट वस्तूंचे स्वतःचे कर्तृत्वही राखतो. तित्थायतनसुत्तातील आक्षेप पूर्वनियतिवादी कॅल्व्हिनपंथास जसा लागू पडेल, तसा मनुष्याचे स्वातंत्र्य मानणाऱ्या वेस्लीपंथास लागू पडणार नाही. या उत्तरांनी बौद्ध आक्षेप निरस्त होतात, असे मात्र नाही. कालातीत संकल्पातून कालिक कार्य कसे निघते, हा प्रश्न शिल्लक राहतोच आणि निर्मात्याच्या जगात इतके दुःख का, हा प्रश्न तर अधिकच बिकट होतो. श्रीलंकेतील गुणपाल धर्मसिरी यांनी ख्रिस्ती ईश्वरकल्पनेची बौद्ध दृष्टीने केलेली चिकित्सा १९७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीत हा वाद आधुनिक पाश्चात्त्य धर्मशास्त्राशी पुन्हा जोडून दाखविला आहे. तात्पर्य, ईश्वराच्या प्रश्नावर बौद्ध व ख्रिस्ती विचारवंतांत खरा वाद होऊ शकतो आणि तो एका तडाख्यात संपणारा नाही.

४

मूलतत्त्ववादाच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे. तेथे वादाची भूमीच नाकारलेली असते. बौद्ध प्रमाणशास्त्र प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे मानते. आगमास स्वतंत्र प्रमाणाचे स्थान देत नाही. मीमांसकांनी वेद अपौरुषेय म्हणून निर्दोष ठरविला. हॉज व वॉरफील्ड यांनी बायबल माणसांच्या हातून लिहिले गेले, हे मान्य करून ते ईश्वरप्रेरित म्हणून निर्दोष ठरविले. दोन्ही भूमिकांची घडण वेगळी आहे. परंतु बौद्ध नैयायिकाचा प्रश्न दोहोंसही एकच: ग्रंथाचे प्रामाण्य ग्रंथावरूनच सिद्ध करीत असाल, तर ते चक्रक होय. अन्य प्रमाणावरून सिद्ध करीत असाल, तर अंतिम निर्णय त्या अन्य प्रमाणाचा, ग्रंथाचा नव्हे. आज उपलब्ध नसलेल्या मूळ हस्तलिखितांची अस्खलितता मानण्यात आणखी एक अडचण उद्भवते. जे प्रमाण कोणाच्याही हाती नाही, त्याने कोणत्या वस्तूचे ज्ञान होणार?

यावर असा प्रतिप्रश्न होईल की, बौद्ध तरी त्रिपिटक मानतातच ना? पुनर्जन्म, कर्मविपाक यांसारख्या गोष्टी त्यांनी प्रत्यक्षाने पाहिल्या आहेत काय? हा आक्षेप न्याय्य आहे आणि धर्मकीर्तीने तो टाळलेला नाही. प्रत्यक्ष व अनुमान या दोहोंच्याही पलीकडील विषयांत मनुष्य शास्त्राचा आश्रय करतो, हे तो मान्य करतो. परंतु त्यास त्याने दोन अटी घातल्या आहेत. जे विषय पाहता येतात व ज्यांचे अनुमान करता येते, त्यांत ते शास्त्र बाधित होता कामा नये; आणि इतके करूनही शास्त्रावरील ही भिस्त खऱ्या अनुमानाच्या योग्यतेची नव्हे, दुसरी गती नाही म्हणून स्वीकारलेली आहे, हे विसरता कामा नये. सोनार सोने तापवून, कापून व कसास लावून घेतो, तसे बुद्धाचे वचनही पारखून घ्यावे, गौरवाखातर घेऊ नये, हा विचार शान्तरक्षिताने आपल्या ग्रंथात नमूद केला आहे. त्यास अनुरूप अशीच चार प्रतिसरणांची शिकवण होय: व्यक्तीचा नव्हे, धर्माचा आश्रय करावा; शब्दाचा नव्हे, अर्थाचा; नेयार्थ सूत्रांचा नव्हे, नीतार्थ सूत्रांचा; विज्ञानाचा नव्हे, ज्ञानाचा.

ग्रंथाविषयी असा विवेक ख्रिस्ती परंपरेस परका आहे, असेही समजू नये. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या ग्रंथावर भाष्य करताना ऑगस्टिनने बजावले होते की, आकाश, पृथ्वी, ग्रहनक्षत्रे यांविषयी शास्त्राच्या नावावर अज्ञानमूलक विधाने करणारा ख्रिस्ती मनुष्य आपल्याच धर्मास हास्यास्पद करतो. यावरून ख्रिस्ती श्रद्धा व ख्रिस्ती मूलतत्त्ववाद यांतील अंतर स्पष्ट होते.

५

या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण श्रीलंकेच्या इतिहासात मिळते. वेस्लियन मिशनचे डॅनियल गॉगर्ली यांनी पालीचा सखोल अभ्यास करून बौद्ध धर्माचे खंडन त्याच्याच ग्रंथांच्या आधारे आरंभिले. त्यास उत्तर देण्याकरिता १८६० नंतरच्या दशकात भिक्षू पुढे आले आणि अनेक ठिकाणी जाहीर वाद झाले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाद कोलंबोच्या दक्षिणेस असलेल्या पानदुरा येथे २६ व २८ ऑगस्ट १८७३ रोजी हजारो श्रोत्यांपुढे झाला. ख्रिस्ती पक्षाकडून गॉगर्लींचे शिष्य डेव्हिड डी सिल्वा व एफ. एस. सिरिमान्ने हे बोलले. बौद्ध पक्षाकडून मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर. मूलतत्त्ववाद हे नाव तेव्हा अस्तित्वात यावयाचे होते. परंतु ग्रंथातील शब्दावरून धर्माचा निकाल लावण्याची पद्धती दोन्ही पक्षांनी स्वीकारलेली होती.

डी सिल्वा यांचा मुख्य प्रश्न तात्त्विक होता: आत्मा नाही आणि मृत्यूबरोबर स्कंध नष्ट होतात, तर कर्माचे फळ भोगतो कोण? गुणानंदांनी परंपरेतील उत्तर दिले की, पुनर्जन्म घेणारा तोच नव्हे आणि अन्यही नव्हे. त्यानंतर त्यांनी बायबलवर हल्ला चढविला. ईश्वर सर्वज्ञ आहे, तर मनुष्य निर्माण केल्याचा त्यास पश्चात्ताप का झाला? इस्राएलांची घरे ओळखण्यासाठी चौकटीवर रक्ताची खूण का लागली? तो सर्वशक्तिमान आहे, तर शास्त्यांच्या ग्रंथात लोखंडी रथ असलेल्या लोकांपुढे त्याचे साहाय्य अपुरे का पडले? निर्गमाच्या ग्रंथात ईश्वर स्वतःस ईर्ष्यावान म्हणवितो. तेथे सिंहली भाषांतरात ‘तेजस्वी’ या अर्थाचा शब्द घालून मूळ अर्थ झाकला आहे, असा आरोपही त्यांनी केला. अस्खलितता मानणाऱ्या वाचकास हे प्रश्न खरोखरच अडचणीचे आहेत. परंतु ईश्वर आहे की नाही, या प्रश्नास त्यांतील एकही स्पर्श करीत नाही. त्यांनी आव्हान दिले ते ग्रंथास, आणि श्रोत्यांना वाटले की, ईश्वराचे खंडन झाले.

दुसऱ्या दिवशी बाजू पालटली. बौद्ध ग्रंथांत वर्णिलेला मेरुपर्वत पृथ्वीवर कोठे आहे, असे ख्रिस्ती पक्षाने विचारले. हा प्रश्न बायबलविषयीच्या प्रश्नांच्याच जातीचा होता. मेरूचे वर्णन तत्कालीन भूगोलकल्पनेचा भाग आहे, दुःखनिरोधाच्या मार्गाशी त्याचा संबंध नाही, असे उत्तर चार प्रतिसरणांच्या आधारे सहज देता आले असते. गुणानंदांनी ते दिले नाही. न्यूटनच्या सिद्धान्तांस विरोध करणाऱ्या एका इंग्रज लेखकाचा त्यांनी हवाला दिला, होकायंत्र पुढे केले आणि सुईचे उत्तरेकडे वळणे हाच मेरूचा पुरावा आहे, असे प्रतिपादन केले. श्रोत्यांनी जयघोष केला. वादात बौद्धांचा विजय झाला, असे त्या काळी मानले गेले आणि श्रीलंकेतील बौद्ध पुनरुज्जीवनास त्यापासून मोठे बळ मिळाले, यात शंका नाही. त्या वादाचा वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध होऊन अमेरिकेपर्यंत गेला. तो वाचून प्रभावित झालेले कर्नल ऑलकॉट १८८० मध्ये श्रीलंकेत आले. त्याच पुनरुज्जीवनातील एक थोर विद्वान हिक्कडुवे सुमंगल यांनी १८७३ मध्येच कोलंबो येथे विद्योदय परिवेण स्थापन केले. पुढे गोव्यातून निघालेले धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये तेथे जाऊन त्यांचे शिष्य झाले. मराठीतील आधुनिक बौद्ध अध्ययनाचा एक उगम या घटनांपर्यंत असा पोहोचतो.

याच कारणास्तव पानदुराचे मूल्यमापन आपण निःपक्षपातीपणे केले पाहिजे. वसाहतीच्या राजवटीत राजसत्तेच्या छायेत वावरणाऱ्या धर्मप्रचारकांपुढे एका भिक्षूने निर्भयपणे उभे राहावे, हे ऐतिहासिक दृष्ट्या अत्यंत महत्त्वाचे होते. परंतु तात्त्विक दृष्ट्या पाहता, ज्या क्षणी त्याने होकायंत्र पुढे केले, त्या क्षणी प्रतिपक्षाची ग्रंथनिष्ठा त्याने आपल्या पदरी घेतली.

६

निकायांनी या वृत्तीस फार पूर्वी नाव दिले होते. चार उपादानांपैकी एक दृष्टि-उपादान, म्हणजे मताला कवटाळणे, हे आहे. येथे ‘मिथ्या मताला’ एवढेच अभिप्रेत नाही. मज्झिमनिकायाच्या अलगद्दूपमसुत्तात धर्मासही तराफ्याची उपमा दिलेली आहे. नदी उतरून गेल्यावर तो डोक्यावर वाहत न्यावयाचा नसतो. त्याच सुत्तात चुकीच्या ठिकाणी धरलेला साप धरणाऱ्यासच डसतो, त्याप्रमाणे वादात जिंकण्यासाठी शिकलेला धर्म शिकणाऱ्याचेच अहित करतो, असे सांगितले आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे विवेचन चंकीसुत्तात आहे. श्रद्धा, रुची, परंपरा, आकारांचा विचार, मताची पसंती या पाचही गोष्टींवर आधारलेले मत खरे निघेल किंवा खोटेही निघेल, असे बुद्ध तेथे दाखवितो. मग श्रद्धा ठेवणाऱ्याने काय करावे? श्रद्धा सोडून द्यावी, असे तो म्हणत नाही. ‘माझी अशी श्रद्धा आहे’ एवढेच जो म्हणतो, तो सत्याचे रक्षण करतो. तेवढ्यावरून हेच एक सत्य व अन्य सर्व मिथ्या, असा निष्कर्ष मात्र त्याने काढू नये. या भूमिकेस तेथे सत्यानुरक्षण असे म्हटले आहे. ईश्वरश्रद्धा व मूलतत्त्ववाद यांच्यामधील सीमारेषा याहून नेमकी काढता येईल, असे वाटत नाही. ‘ईश्वरावर माझी श्रद्धा आहे’ असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याशी बौद्धाचा मतभेद आहे. परंतु तो मनुष्य सत्याचे रक्षण करीत आहे. आपला ग्रंथ चुकूच शकत नाही, असे म्हणणाऱ्याने ती रेषा ओलांडली. आणि तो ग्रंथ त्रिपिटक असला, म्हणून त्यात फरक पडत नाही.

ही शेवटची गोष्ट केवळ तर्कापुरती नाही. तेराव्या शतकात जपानमधील निचिरेन याने सद्धर्मपुंडरीकसूत्र हेच मोक्षाचे एकमेव साधन मानून इतर बौद्ध पंथ राष्ट्राच्या आपत्तीस कारण आहेत, असे प्रतिपादन केले. श्रीलंकेत २००४ मध्ये संसदेवर निवडून आलेल्या भिक्षूंच्या पक्षाने धर्मांतरबंदीचे विधेयक पुढे आणले. त्याचा रोख बव्हंशी इव्हँजेलिकल ख्रिस्ती प्रचाराकडे होता. आमिषे दाखवून होणाऱ्या धर्मांतराविषयीची तक्रार गंभीरपणे ऐकून घेतली पाहिजे, हे खरे. तथापि पानदुरा येथे युक्तिवादाने दिलेले उत्तर कायद्याने देण्याचा हा प्रयत्न होता. एका मूलतत्त्ववादाचा प्रतिकार करताना दुसरा जन्मास कसा येतो, याचा विचार करणाऱ्यास या दोन घटनांमधील अंतर उद्बोधक वाटेल.

सारांश, बौद्ध परंपरेजवळ ख्रिस्ती ईश्वरवादाविरुद्ध समर्थ युक्तिवाद आहेत. ते अभ्यासावेत, ख्रिस्ती विचारवंतांच्या उत्तरांसह अभ्यासावेत, आणि वाद अनिर्णीत राहिला तरी खेद मानू नये. मूलतत्त्ववादाविरुद्ध तिच्याजवळ आहे तो निव्वळ युक्तिवाद नव्हे, ती मत धारण करण्याची एक शिस्त आहे. ही शिस्त प्रतिपक्षास सांगता येते, परंतु पाळावी लागते ती स्वतःस. तुलनात्मक धर्माध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याने दोन धर्मांची मते शेजारी शेजारी मांडून थांबू नये; प्रत्येक परंपरेत मत कशा रीतीने धारण केले जाते, हेही तपासावे. तसे केले, तर त्यास असे आढळून येईल की, सत्याचे रक्षण करणारा ईश्वरवादी आणि सत्याचे रक्षण करणारा निरीश्वरवादी यांच्यामधील अंतर आपल्या पाठ्यग्रंथांत दिसते तितके मोठे नाही.